सोपानाची पहिली पायरी

बालवीराच्या बाहीवरील पदके पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरतात. ती कोणत्या क्रमाने मिळाली, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्या क्रमाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याची मुभा कोणाला होती, हा तर त्याहून दुर्लक्षिलेला प्रश्न. बाजारकुणंगच्या रानात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या आपल्या मराठी घराण्यांना तो परका वाटू नये.

रॉबर्ट बेडन-पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीस मुलांचे शिबिर भरविले आणि पुढील वर्षी ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. कारखान्यांच्या शहरांत वाढणारी इंग्रज मुले दुबळी निपजत आहेत, ही त्याची चिंता होती. त्यांच्यासाठी त्याने पायऱ्या आखल्या: आधी नवशिका, मग द्वितीय श्रेणी, मग प्रथम श्रेणी, १९०९ पासून त्यांवर ‘किंग्ज स्काउट’चा कळस चढला. द्वितीय श्रेणीसाठी माग काढणे, दोनच काड्यांत चूल पेटविणे, होकायंत्रावरील सोळा दिशा सांगणे, प्रथमोपचार आणि बचत खात्यात सहा पेन्स असणे एवढे पुरे होई. चुलीवर शिजवायचे काय, तर पाव रत्तल मांस आणि दोन बटाटे! आपल्याकडील एखाद्या सोवळ्या आजीबाईंची मुद्रा हे ऐकून कशी झाली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

गंमत अशी, की या परीक्षांतील पुष्कळसे ज्ञान रानातलेच होते. गव्याचा माग ओल्या मातीत कसा उमटतो आणि पावसाळ्यात कोणते लाकूड लवकर पेट घेते, हे आमच्या डोंगरातील मुलाला घरीच कळते; लंडनच्या मुलाला त्यासाठी पदक मिळे. निरीक्षणशक्तीच्या ज्या खेळाला बालवीर ‘किमचा खेळ’ म्हणतात, तो किपलिंगच्या कादंबरीतील सिमल्याच्या दुकानातून उचललेला, आणि १९१६ मध्ये सुरू झालेल्या लहान मुलांच्या शाखेचे लांडगे त्याच लेखकाच्या सिवनीच्या जंगलातले, म्हणजे नागपूरकर भोसल्यांच्या जुन्या मुलखातले.

भारतात पहिले पथक १९०९ मध्ये बंगळुरास कॅप्टन टी. एच. बेकर यांनी काढले. पण ते युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांचे. ज्या देशातील अरण्यविद्येवर ही परीक्षा पोसली, त्या देशातील मुलालाच तिला बसता येईना. या अन्यायाला उत्तर म्हणून ॲनी बेझंट यांनी १९१७ मध्ये मद्रास येथे स्वतंत्र संघटना उभारली. तिचे बालवीर टोपीऐवजी फेटा बांधीत. पुढील वर्षी अलाहाबादेस मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीची संघटना काढली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ संस्थेत विलीन झाली; सेवा समिती मात्र वेगळीच राहिली. माझ्या मते तिचा हा निर्णय योग्य होता. मूळ संस्थेत पहिल्याच पायरीवर राजनिष्ठेची शपथ घ्यावी लागे, आणि ती ज्याच्या गळी उतरत नाही त्याला वरच्या पायऱ्यांचे काय अप्रूप? १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना निघाली, तिच्यामागेही हीच खंत होती.

७ नोव्हेंबर १९५० रोजी या संस्था एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ जन्मास आली. गाइड मुली १९५१ मध्ये त्यात सामील झाल्या. या ऐक्यासाठी झटणाऱ्यांत नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस होते. आता शपथेत राजाच्या जागी देश आला, ‘किंग्ज स्काउट’च्या जागी राष्ट्रपती स्काउट आला, आणि श्रेणींची नावेही देशी झाली: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्कार. वाटेत स्वयंपाक, पोहणे, रुग्णसेवा अशी प्रावीण्य पदके मिळवायची. पदक हे निष्णाततेचे नव्हे तर प्रयत्नाचे मोजमाप, असे बेडन-पॉवेल यांचे मत होते. परीक्षक ते किती मानतात, हा भाग निराळा.

आमचा हा मुलूख, त्या वेळचा सुपे तालुका, १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे येथील मुलासाठी राज्य पुरस्कारातले ‘राज्य’ म्हणजे कर्नाटक, आणि त्याचे दफ्तर बंगळुरास. पण पायरी अडते ती त्याच्याही आधी. सोपान चढायचा तर शाळेत पथक हवे, पथकाला प्रशिक्षित शिक्षक हवा, आणि एका टोळीला सहा ते आठ मुले हवीत. वाड्या दोन-दोन कोसांवर विखुरलेल्या, शाळेचा पट मोजका. तेथे एका वयाची आठ मुले जमविणे हीच पहिली परीक्षा होऊन बसते, आणि ती मुलाची नसते.