गल, सळई आणि कुंपण : मुंबईतल्या गोल्फचा थोडा इतिहास

पीएचडीचा विषय काय, असं कुणी विचारलं की मी "मुंबईतल्या मोकळ्या जागा" एवढंच सांगते. समोरच्याला वाटतं बागा, मैदानं, फार तर आरे. सध्या लिहीत असलेलं प्रकरण गोल्फवर आहे हे कळलं की चेहरा बदलतो. "गोल्फ? त्यात काय इतिहास?" हा प्रश्न मला गाइडनेही विचारला होता, फक्त जरा सभ्य भाषेत.

म्हणून आजची पोस्ट. आणि आधीच कबूल करते, या प्रकरणाचा मूळ मुद्दा माझा नाही, माझ्या मामाचा आहे. मामा चेंबूरला राहतो. बाराव्या-तेराव्या वर्षापासून गुडघे दुखायला लागेपर्यंत तो कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग वाहणारा, असं आपल्याला वाटतं. ते अर्धंच खरं आहे, पण त्यावर पुढे येते.

ज्यांनी गोल्फ फक्त टीव्हीवर चॅनेल बदलताना पाहिलाय त्यांच्यासाठी : गोट्या आठवा. गोटी गलीत घालायची, कमीत कमी टिचक्यांत. इथे बोटाऐवजी काठी, गोटीऐवजी बॉल, आणि गल चारशे-पाचशे मीटर लांबही असू शकते. अशा अठरा गली. झाला गोल्फ. अडचण एकच, या अठरा गलींना मिळून साधारण शंभर-दीडशे एकर जमीन लागते. क्रिकेटच्या एका मैदानाचं काम चार-पाच एकरांत भागतं.

माझं पहिलं गृहीतक यातूनच आलं होतं. क्रिकेट सगळ्यांचं झालं आणि गोल्फ साहेबांचाच राहिला, कारण गोल्फ महाग. जमीन महाग, सामान महाग, फी महाग. पहिल्या मसुद्यात मी हे चांगलं आठ पानं लिहिलं होतं. मामाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सळई कितीला येते माहितीय का तुला?"

सळईचं सांगते. त्याआधी थोडं मागे जाऊया.

भारतातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा जगातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. मुंबईही फार मागे नव्हती. रॉयल बॉम्बे गोल्फ क्लबची स्थापना १८४२ ची. म्हणजे आपल्याकडे रेल्वे यायच्या अकरा वर्षं आधी गोल्फ आला होता. तेव्हाचे बॉल चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून भरून शिवलेले असत. भिजले की त्यांचा आकार जायचा, शिवण उसवायची. मुंबईच्या पावसात त्यांचं काय होत असेल याची कल्पना करा. रबरासारख्या गटापर्चाचे स्वस्त आणि टिकाऊ बॉल आले ते १८४८ च्या आसपास.

माझ्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की हा खेळ चालायचा तो किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर. तोफांच्या माऱ्यासाठी किल्ल्यासमोरची जागा मोकळी ठेवलेली होती, तेच हे मैदान. आज आपण आझाद, क्रॉस, ओव्हल म्हणतो ते त्याचेच तुकडे. तिथे कवायती होत, घोडे चरत, लोक हवा खायला येत, आणि पुढे पारशी मुलं छत्रीची बॅट करून क्रिकेट शिकली. मैदान सरकारचं, पण येणंजाणं सगळ्यांचं.

अशा जागेत भांडण होणारच. १८८० च्या आसपास ते झालंही, पण गोल्फवरून नाही, पोलोवरून. गोऱ्यांच्या जिमखान्याचे घोडे मैदानावर पोलो खेळत आणि खुरांनी खेळपट्ट्यांची वाट लावत. जिमखान्याची स्वतःची राखीव जागा वेगळी, तिथे घोडे नेत नसत! पारशी आणि हिंदू क्रिकेटपटूंनी १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसनकडे शेकडो सह्यांचा अर्ज केला. शापूरजी सोराबजी यांनी पुढे १८९७ मध्ये पारशी क्रिकेटवर पुस्तक लिहिलं, त्यात ही सगळी लढाई आहे. दोन-तीन वर्षं अर्ज, उत्तरं, प्रत्युत्तरं चालली. निकाल कधी इकडे, कधी तिकडे. अखेर देशी क्रिकेटला जागा मिळत गेली, आणि पारशी, इस्लाम, हिंदू जिमखान्यांना समुद्राच्या कडेला भूखंड मिळाले.

इथे मला थांबावंसं वाटतं. क्रिकेट "सगळ्यांचं" झालं त्याचं श्रेय आपण खेळाला देतो. पण त्या मुलांना भांडता आलं, कारण खेळ त्यांच्या डोळ्यांसमोर, त्यांच्याच पायाखालच्या जमिनीवर चालला होता. जे दिसत नाही त्यावर अर्ज कोण करणार?

आणि गोल्फ नेमका दिसेनासा झाला. विसाव्या शतकात मुंबईतला गोल्फ मैदानातून कुंपणात गेला. दोन टप्प्यांत.

पहिला टप्पा हाजी अलीजवळचा, १९१८ चा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन आपल्या देशी पाहुण्यांना घेऊन यॉट क्लबात गेले, तिथे त्यांना अडवलं, म्हणून चिडून त्यांनी देशी-विदेशी दोघांना खुला असा क्लब काढला, अशी गोष्ट सांगितली जाते. मी ती थीसिसमध्ये "सांगितली जाते" म्हणूनच ठेवली आहे. क्लब दोघांनाही खुला होता हे मात्र खरं, आणि त्या काळच्या मुंबईत ती छोटी गोष्ट नव्हती. पण दोघांना म्हणजे कोणाला? संस्थानिक, शेटजी, बॅरिस्टर, बडे अंमलदार. वर्णाचं दार उघडलं, वर्गाचं होतं तसंच राहिलं. जमीन पाहिलीत तर तीही बोलते. हॉर्नबी वेलार्ड १७८४ मध्ये पुरा झाला आणि समुद्र अडला, त्यानंतर वापरात आलेला हा सखल पट्टा. रेसकोर्स आधीपासून शेजारी होताच.

दुसरा टप्पा चेंबूर. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, १९२७. तेव्हाचं चेंबूर म्हणजे शहराबाहेर, साष्टीत. कुर्ल्याहून तिथवर १९०६ मध्ये रूळ टाकले होते ते माणसांसाठी नाही, शहराचा कचरा न्यायला. उतारू गाड्या १९२४ च्या. आणि देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं तेही १९२७ सालीच. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहिले तेव्हा मी लायब्ररीत मोठ्याने "अरे!" म्हणाले होते. योगायोग आहे, कबूल. पण तर्क एकच आहे. शहराला ज्याला भरपूर जागा द्यायची होती आणि जे रोज डोळ्यांसमोर नको होतं, ते सगळं कुर्ल्यापलीकडे.

मग शहरच तिथे येऊन पोचलं. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावण्या, १९४८ चा आर. के. स्टुडिओ, १९५० मध्ये चेंबूर बृहन्मुंबईत सामील, पाठोपाठ माहुलकडच्या तेल रिफायनऱ्या, साठच्या दशकात खत कारखाना. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातून आले ते बहात्तरच्या दुष्काळात, बदली कामगार म्हणून. कुंपणाबाहेर अशी वस्ती दाटत गेली, आणि कुंपणाच्या आत बॅगा उचलायला पोरं हवीच होती.

कॅडीचं काम रोजचं, पण नोकरी नाही. पहाटे जायचं, कॅडीमास्तरकडे नाव लावायचं, नंबर येईपर्यंत बसायचं. एक राउंड म्हणजे दहा-बारा किलोची बॅग घेऊन सात-आठ किलोमीटर चाल. पण मामाचं म्हणणं, ओझं उचलणं हे हमालाचं काम झालं, कॅडीचं काम डोळ्यांचं. बॉल कुठे पडला ते पाहायचं (पूर्वी यासाठी पुढे पळणारा वेगळा माणूस असायचा, त्याला "आगेवाला" म्हणत). वारा किती, अंतर किती, कोणती काठी काढून द्यायची. आणि शेवटी ग्रीन वाचायची. गलीभोवतीचं गवत कुठे झुकलंय, सकाळी ओलं असताना बॉल किती अडेल, दुपारी किती पळेल. साहेबांना वाटतं आपण जिंकलो. असो.

पाहुण्या साहेबांबरोबर मामा शहरातल्या बहुतेक कोर्सेसवर फिरलाय. मी त्याला तुलना करायला सांगितली तेव्हा मला वाटलं होतं तो क्लबहाउस, गवत, फी असं काही सांगेल. त्याने जमीन सांगितली. कुलाब्याच्या टोकाला, सैन्याच्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबात तिन्ही अंगाला पाणी, "तिथं हातानं नाही मारायचं, वाऱ्यानं मारायचं." विलिंग्डन आखूड, झाडांच्या मधून, "गल्लीत खेळल्यासारखं, ताकद घरी ठेवून जायची." चेंबूर त्याचं घरचं, तिथला प्रत्येक उतार त्याला पावसाच्या पाण्यावरून पाठ, कारण पावसाळ्यात पाणी कुठून कुठे जातं ते त्याने तीस वर्षं पाहिलंय. मी हे रेकॉर्ड केलं आणि त्याच दिवशी एका क्लबाच्या ऑफिसला तिसरी मेल टाकली, जुने नकाशे पाहायला मिळतील का म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही. नकाशा माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

आता सळई. चेंबूरच्या कॅडींनी गल्लीत गोल्फ सुरू केला, त्याच्या बातम्या परदेशी वृत्तसंस्थांनीही दिल्या आहेत. बांधकामाची सळई तापवून वाकवायची, टोक ठोकून चपटं करायचं, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळायची. बॉल प्लास्टिकचा, कारण खरा बॉल पत्र्यावर पडला तर घरमालकीण बाहेर येते. गल म्हणजे जमिनीवर काढलेलं वर्तुळ, नाहीतर एखादा डबा. गटार ओलांडून, पायरीवरून, दोन घरांमधल्या हातभर फटीतून मारायचं. जोर लावून उपयोग नाही, नेम लागतो. मामा म्हणतो विलिंग्डनसाठी याहून चांगला सराव नाही.

माझी आठ पानं इथे पडली. सळईच्या तुकड्याला किती लागतात? क्रिकेटच्या बऱ्या बॅटीपेक्षा कमी. खेळ स्वस्त करून घेता येतो, गल्लीतल्या पोरांनी तो केलासुद्धा. जे करून घेता येत नाही ती जमीन. गोल्फ महाग म्हणून कुंपणात गेला हे मी उलटं लिहीत होते. तो कुंपणात गेला, आणि मग आत कोण, याचा दर ठरत गेला.

याची दुसरी बाजू नाशकात दिसते. तिथल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला लोक अजून "गोल्फ क्लब मैदान" म्हणतात. नाव गोल्फचं, पण तिथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे अर्धं शहर जॉगिंग ट्रॅकवर असतं. साहेबांच्या खेळाच्या जागेला कलेक्टर जॅक्सनला १९०९ मध्ये गोळी घालणाऱ्या तरुणाचं नाव! तिथे गोल्फ राहिला नाही, जागा राहिली. मुंबईत नेमकं उलटं. आणि खरं सांगायचं तर कुंपण नसतं तर चेंबूरच्या त्या हिरव्या जागेवर आज टॉवर असते, हेही मला दिसतं. पर्यावरणवाल्या मित्रांशी माझं यावर भांडण होतं आणि मी दर वेळी जिंकत नाही.

खारघरचं सांगून थांबते. सिडकोने पांडवकड्याच्या डोंगराखाली केलेला हा कोर्स, सुरुवातीला अकरा होल्सचा. सभासद नसलात तरी फी भरून खेळता येतं. मुंबई परिसरात ही नवीन गोष्ट. मागच्या हिवाळ्यात मी फेलोशिपच्या पैशांतून मामाची फी भरली. त्याच्याकडे एका साहेबाने दिलेला जुना सेट आहे, सहा काठ्यांचा. इतक्या वर्षांत तो कोर्सवर खेळला नव्हता असं नाही, कॅडींना सुट्टीच्या दिवशी खेळू देत. पण पाहुणा म्हणून, पावती फाडून, कधीच नाही.

मी म्हटलं, "मामा, बॅग मी घेते."

"तुला जमायचं नाही," म्हणाला, आणि स्वतःच खांद्यावर टाकली. गाडीही नको म्हणाला. पहिल्या टीवर उभा राहून बराच वेळ त्याने काहीच केलं नाही, नुसता डोंगराकडे बघत होता. मला वाटलं भरून आलं असेल. तर म्हणतो, "पाणी तिकडून येतं बघ, कड्यावरून. म्हणजे सगळ्या ग्रीन्स इकडे ओढणार."

चौथ्या होलवर बॉल गवतात हरवला. मागून येणाऱ्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी हाक मारली, "ए, आमचा पण बघ रे, तिकडेच गेलाय." मामाने दोन्ही शोधले. त्यांचा आधी सापडला.