कपाळावरचा दिवा

दिवा हातीं धरला कीं माणसाचा एक हात दिव्याचाच होऊन बसतो. घरांत ही अडचण किरकोळ. दिवा कोनाड्यांत ठेवला कीं ती मिटते. परंतु जमिनीखालीं शेंकडों फूट खोल, कुशीवर पडून कुदळीनें कोळसा फोडणाऱ्या खाणकामगाराला हीच अडचण पोटाची होती. त्याची मजुरी फोडलेल्या कोळशावर ठरे. दिवा हातीं घेतला तर कुदळ चालावी कशी, आणि दूर टांगला तर दिसावें कसें?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडच्या खाणींत एक इवलासा पत्र्याचा दिवा प्रचारांत आला. आकार चहाच्या किटलीसारखा. पोटांत तेल, तोटींतून डोकावणारी वात, आणि पाठीमागें एक आंकडा. आंकडा टोपीच्या कपाळाकडील बाजूस अडकविला कीं दोन्ही हात मोकळे, शिवाय मान वळेल तिकडे उजेड वळे. धूर नाकाडोळ्यांत जाई. तरी गरजवंतानें तो पत्करला. पुढें अमेरिकेंतील खाणींतही तो पसरला.

मात्र त्याची ज्योत उघडी होती, आणि उघडी ज्योत किती घातक हें तत्पूर्वींच कळून चुकलें होतें. कोळशाच्या थरांतून मिथेन वायु झिरपतो. त्याला ना रंग ना वास. हवेंत तो शेंकडा ५ ते १५ या प्रमाणांत मिसळला कीं एक ठिणगी पुरते. २५ मे १८१२ रोजीं इंग्लंडांत फेलिंगच्या खाणींत असा स्फोट होऊन ९२ माणसें व मुलें मेलीं. त्यानंतर १८१५ सालीं दोघांनीं सुरक्षित दिवे सिद्ध केले: एक विख्यात रसायनशास्त्रज्ञ सर हंफ्रे डेव्ही, आणि दुसरा किलिंगवर्थच्या खाणीवर इंजिनें सांभाळणारा, वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत अक्षरशत्रु असलेला जॉर्ज स्टीफन्सन. डेव्हीनें ज्योतीभोवतीं बारीक तारेची जाळी घातली. जाळी उष्णता शोषून घेते, त्यामुळें आंतला जाळ बाहेरच्या वायूपर्यंत पोंचत नाहीं. डेव्हीला २००० पौंडांचें बक्षीस मिळालें, स्टीफन्सनच्या हातावर १०० गिनी ठेवण्यांत आल्या. ही वाटणी न्यायाची नव्हती. न्यूकॅसलच्या लोकांनींही ती मानली नाहीं. त्यांनीं वर्गणी काढून आपल्या माणसाला १००० पौंड दिले.

परंतु जी जाळी जाळाला अडवी, ती उजेडालाही अडवी. दिवा मिणमिणता, उभाच धरावा लागणारा, म्हणून टोपीवर चढविण्याजोगा नव्हे. शिवाय त्याच्या भरंवशावर पूर्वीं सोडून दिलेले धोक्याचे थरही खणले जाऊं लागले, आणि स्फोट कांहीं थांबले नाहींत. १९०० सालीं अमेरिकेंत फ्रेडरिक बाल्डविन यानें कार्बाइडच्या दिव्याचें पेटंट घेतलें. त्याचा उजेड लख्ख, पण ज्योत पुन्हा उघडीच. सुरक्षित दिवा हाताळायला अवघड आणि सोयीचा दिवा जिवावर बेतणारा, असा हा पेंच सुमारें शंभर वर्षें राहिला.

तो सुटला विजेनें. १९१४ च्या सुमारास एडिसननें टोपीवरचा विजेचा दिवा तयार केला. कमरेला निकेल व लोखंड यांच्या पत्र्यांची विद्युत्घटमाला, पाठीवरून गेलेली तार आणि कपाळावर दिवा. कामाची पाळी संपेपर्यंत तो पुरे. पेटीला कुलूप असे, कारण अंधारांत माणूस काय उघडील याचा नेम नाहीं. मात्र या लाभांत एक तोटाही दडला होता. वायु सांचूं लागला कीं जुन्या दिव्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढे. कामगाराला ती पळण्याची सूचना होती. विजेचा दिवा याबाबतींत मुका. म्हणून वायु तपासण्यासाठीं मुकादम जाळीचा दिवा पुढेंही बाळगीत राहिले.

या दिव्याचें ओझें त्याच्या तारेपायीं होतें. ती तापून पांढरी होई तेव्हां कोठें प्रकाश पडे, आणि बहुतेक वीज उष्णतेंत वायां जाई. न तापतां प्रकाशणारा स्फटिक, म्हणजे एल्.ई.डी., हें ओझें उतरवूं शकला. १९६२ सालीं निक होलोनियाक यानें तांबड्या उजेडाचा एल्.ई.डी. दाखविला. निळा मात्र तीस वर्षें हुलकावण्या देत राहिला. अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानी संशोधकांनीं तो साधला, आणि २०१४ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. निळ्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिला कीं दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा भासतो.

त्यामुळें एडिसनच्या कारखान्यांतलें काम आतां घरच्या मेजावर आलें. दीड व्होल्टचे तीन घट एकापुढें एक जोडले कीं साडेचार व्होल्ट होतात. लहान पांढऱ्या एल्.ई.डी.ला सुमारें ३.२ व्होल्ट पुरतात, उरलेले १.३ व्होल्ट अडविण्यास ६८ ओहमचा रोधक घातला कीं प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आंत राहतो. डोक्याला इलॅस्टिकची रुंद पट्टी, कपाळावर एल्.ई.डी., मागें घटांची डबी. जोरकस एल्.ई.डी. घेतल्यास पाठीशीं अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा हवा; कारण हा दिवा निवांत असला तरी अगदींच थंड नसतो. माळ्यावर, विहिरीच्या पंपापाशीं, वीज गेली असतां स्वयंपाकघरांत त्यानें खुशाल काम करावें. वायूच्या खाणींत मात्र तो नेऊं नये. त्याच्या साध्या खटक्यांत उडणारी बारीकशी ठिणगी डोळ्यांना दिसणारही नाहीं, पण मिथेनला तेवढीही पुरेशी ठरूं शकते.