काडेपेटीतली भूमिती

भिलाईच्या पोलाद कारखान्यातली पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या या पोलादनगरीत त्रिकोण शोधायला लांब जावं लागत नाही. मोठ्या शेडच्या छपराखालची कैची त्रिकोणांनीच बांधलेली असते. वहीतला त्रिकोण मात्र तीन रेघा आणि अ, ब, क एवढाच. तोच आकार एवढा भार कसा पेलतो, ते त्या रेघांवरून कळत नाही.

चित्रांनी भूमिती शिकवण्याची खटपट जुनी आहे. ऑलिव्हर बर्न यांनी १८४७ मध्ये लंडनमध्ये युक्लिडची भूमिती रंगीत करून छापली. कोनांना, बाजूंना अक्षरांऐवजी लाल, पिवळा, निळा रंग. पुस्तक अतिशय देखणं, पण महाग. आणि वाचणाऱ्याने ते पाहायचं, एवढंच.

मद्रास इलाख्यातले डेप्युटी कलेक्टर टी. सुंदर राव यांनी वेगळी वाट धरली. १८९३ मध्ये मद्रासला निघालेल्या त्यांच्या पुस्तकात कागदाच्या घड्या घालून भूमिती होते. बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना ही कल्पना सुचली होती. चौरस कागद दुमडत समभुज त्रिकोण, पंचकोन, पुढे वक्ररेषासुद्धा. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची नवी आवृत्ती निघाली, तीत घडी घातलेल्या खऱ्या कागदांचे फोटो होते. चित्र बघून मुलाचा हात कामाला लागला पाहिजे, ही सुंदर रावांची दृष्टी बर्न यांच्या रंगांपेक्षा फार मोलाची.

ही दृष्टी पुढे सापडते होशंगाबादेत. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशातच होती. त्याच राज्यातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून प्रयोग करत विज्ञान शिकवणं सुरू झालं होतं. पुण्याच्या टेल्कोतले इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. गावच्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीतल्या काड्या, एवढ्यावर त्यांनी भूमिती मांडली. ट्यूबचा बोटभरही नसलेला तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांनी काड्या खुपसायच्या, की सांधा तयार. तीन काड्या जुळवायच्या सांध्यासाठी बाभळीच्या काट्याने भोक पाडायचं.

आता चार काड्यांचा चौरस करून एका कोपऱ्याला बोट लावा: तो तिरपा होतो, त्याचा समभुज चौकोन होतो. बाजू त्याच, कोन बदलले. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी हलत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की कोनही ठरतात. चौकोनात कर्णाएवढी एक काडी बसवली की तोही ताठ उभा राहतो. कारखान्याच्या कैचीचं सगळं गुपित या एका तिरप्या काडीत आहे.

हे खेळ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. पानोपानी चित्रं, मजकूर अगदी थोडा. त्यामुळे नुकतं वाचायला लागलेलं मूलही ते हाती घेऊन कामाला लागू शकतं. अनेक भारतीय भाषांत ते गेलं. होशंगाबादचा कार्यक्रम सरकारने २००२ मध्ये बंद केला. गुप्ता यांनी पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम केलं, आणि आपली पुस्तकं संकेतस्थळावर सर्वांना फुकट खुली केली. सुंदर रावांचं घड्यांचं पुस्तकही त्यांनी तिथे ठेवलं आहे.