आगवाला

आमच्या भोर तालुक्यात रेल्वेचा रूळ नाही. पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी जेजुरी, नीरा, लोणंद करत आम्हाला वळसा घालून गेली. वरवे बुद्रुक हे पुणे-सातारा रस्त्यावरचं गाव. त्यामुळं एसटीचे आणि ट्रकचे हॉर्न आम्हाला पाठ, पण इंजिनाची शिट्टी कधी कानावर आली नाही. शाळेत असताना एका इंग्रजी पुस्तकात मुंबई-पुणे रेल्वेच्या घाटाचं नाव ‘भोर घाट’ असं वाचलं आणि मी वर्गभर सांगत सुटलो, की रेल्वे आपल्या भोरातूनच जाते. गुरुजींनी भ्रमाचा भोपळा फोडला. तो खंडाळ्याचा बोरघाट. साहेबानं स्पेलिंग तसं केलं, एवढंच.

तरीही आमच्या घरात रेल्वे होती. माझे थोरले चुलते, अण्णा, माथेरानच्या छोट्या गाडीवर आगवाले होते. आगवाला म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा, फायरमन. डायव्हरचं नाव लोक विचारतात. आगवाल्याचं कुणी विचारत नाही.

अण्णा १९५२ साली घर सोडून गेले. जमीन थोडी, खाणारी तोंडं जास्त. कल्याणच्या एका पाहुण्याच्या ओळखीनं ते नेरळला खलाशी म्हणून लागले. काही वर्षं नुसती इंजिनं पुसली, राख काढली, कोळसा फोडला. मग हातात फावडं आलं.

ज्या इंजिनावर ते चढले त्याचा इतिहास मला पुढं वाचून कळला. माथेरानची रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीनं झाली. सोळा लाख रुपये खर्च आला. २२ मार्च १९०७ रोजी रस्ता सुरू झाला. नेरळपासून माथेरानपर्यंत एकवीस किलोमीटर, आणि रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. बोरघाटात मोठी गाडी सदतीस फूट पुढं जाते तेव्हा एक फूट वर चढते. इथं वीस फुटांना एक फूट! वळणं तर अशी, की शेवटच्या डब्यातल्या माणसाला इंजिन समोरून येताना दिसावं.

असल्या वळणावर साधं इंजिन टिकलं नसतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल या कंपनीकडून चार खास इंजिनं आणली. सहा चाकांची, बुटकी. त्यांची खुबी अण्णांनी मला बैलगाडीच्या भाषेत समजावली होती. “गाडीचा आस सरळ अस्तो का न्हाई? वळणाला चाक फरफटतं. हितं पुढच्या नि मागच्या आसावर पोकळ नळी चढवल्याली. चाकं नळीला, नि नळी मधल्या गोळ्यावर. वळण आलं की चाकं जराशी तिरपी व्हत्यात, आतला आस हाय तिथंच!” पुढं एका पुस्तकात मला या रचनेचं नाव सापडलं, क्लिन-लिंडनर. अण्णांना ते नाव ठाऊक नव्हतं. त्यांना गोळ्याला तेल कधी लागतं ते ठाऊक होतं.

चढावर आगवाल्याला उसंत नसते. कोळसा एकदम ढकलला तर जाळ गुदमरतो, काळा धूर निघतो आणि वाफेचा काटा खाली येतो. “पातळ पसर, कोपरं भर, नि दार लगीच लाव,” हा त्यांचा मंत्र. दार उघडं राहिलं तर गार वारा आत शिरतो. पाण्याच्या काचेवर तर आंधळा विश्वास ठेवायचाच नाही. इंजिनाचं तोंड डोंगराकडं असलं की चढावर पाणी मागं सरकतं आणि मागच्या काचेत भरपूर दिसतं. सपाटी आली की खरं काय ते कळतं. पाणी कमी पडून भट्टीचं छत उघडं पडलं तर छतातली शिशाची डाट वितळते आणि वाफ आगीत शिरते. तेवढ्यावर भागलं तर नशीब, नाहीतर बॉयलर फुटतो. उतारावर प्रत्येक डब्याचा ब्रेक हातानं फिरवणारा माणूस वेगळा. डायव्हरच्या शिट्टीवर सगळ्यांनी मिळून गाडी आवरायची.

पावसाळ्यात ती गाडी बंद असते. आमच्या घरची भात लावणीही तेव्हाच. अण्णा रजा काढून यायचे, चार-आठ दिवस चिखलात राबायचे आणि परत जायचे. मला वाटायचं, गाडी बंद म्हणजे तिकडं नुसती झोप. एकदा तसं बोललो तर ते हसले. “आरं, पावसाळ्यातच तर खरं काम! बॉयलर धुवायचा, नळ्यांवरचा चुना खरवडायचा, गळती नळी काढून नवी ठोकायची. ह्या इंजिनाचं म्हातारपण आम्ही दर साली खरवडून टाकतू.” जर्मनीतून आलेलं इंजिन पंचाहत्तर वर्षं डोंगर चढलं ते अशा खरवडण्यामुळं.

१९७१ च्या उन्हाळ्यात अण्णांनी मला नेरळला नेलं. मी अकरा वर्षांचा. त्यांनी मला पहिल्या डब्यात बसवलं आणि स्वतः इंजिनावर चढले. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत गाडी वर गेली. डब्यात मुंबईची इस्त्रीच्या कपड्यांतली मुलं होती. त्यांच्याशी माझी गट्टी जमली. मीही पुण्याचाच, असं मी त्यांना ठोकून दिलं होतं. माथेरानला उतरलो तर अण्णा समोरून आले. तोंड काळं, डोळे लाल, खांद्यावर घामानं भिजलेलं फडकं. मला हाक मारली. त्या मुलांतल्या एकानं विचारलं, “हा कोण रे?”

मी म्हणालो, “कुणास ठाऊक.” आणि मान फिरवली.

अण्णांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते वळले आणि नळावर तोंड धुऊ लागले. संध्याकाळी त्यांनी मला चिक्की घेऊन दिली. त्या गोष्टीबद्दल ना ते कधी बोलले, ना मी.

पन्नासच्या दशकातच त्या रुळांवर डिझेल इंजिनं आली होती. तरी वाफेची इंजिनं त्यांच्या जोडीला चालत राहिली. १९८२-८३ च्या सुमाराला ती कायमची थांबली. अण्णांची नोकरी गेली नाही, पण फावडं गेलं. “आता म्या बिनआगीचा आगवाला,” असं म्हणत त्यांनी उरलेली वर्षं शेडमध्ये काढली आणि निवृत्त होऊन वरव्याला आले. दोन्ही कान जवळजवळ गेलेले, छातीत घरघर. थोरल्या आईनं पस्तीस वर्षं एकटीनं शेत आणि पोरं सांभाळली होती. नवरा कायमचा घरी आला, तर आता त्याच्याशी ओरडून बोलावं लागायचं.

गावात त्यांना खरा मान मिळाला तो गुऱ्हाळावर. एका वर्षी गूळ सारखा करपायचा. अण्णा चुलवाणापाशी जाऊन बसले, थोडा वेळ जाळाकडं नुसतं बघितलं आणि चिपाडं घालणाऱ्या पोराला बाजूला सारलं. थोडं थोडं, पसरून, कोपऱ्यापर्यंत. काहिलीतला रस एकसारखा उकळू लागला. गुळव्यानं मान डोलावली. त्या हंगामापासून चुलवाण अण्णांचं.

२६ जुलै २००५ च्या पावसानं माथेरानचा मार्ग वाहून गेला. शंभर वर्षं भरली तेव्हा, २००७ साली, तो पुन्हा सुरू झाला. पेपरात बातमी वाचली आणि मी अण्णांना म्हणालो, चला. तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात गेलेलं, एक परदेशी गेलेलं. नेरळला आणि माथेरानला एकेक जपून ठेवलेलं.

नेरळच्या इंजिनापाशी अण्णा बराच वेळ उभे राहिले. रंग ताजा होता. त्यांनी बोटाच्या पेरानं पत्र्यावर टकटक केलं, मग तिथंच तळहात टेकवला. त्यांना ऐकू येत नव्हतं, पण हाताला काहीतरी कळलं असावं.

“ह्ये परत चालू करायचं तर काय लागंल, अण्णा?” मी कानाशी ओरडलो.

त्यांनी बोटं मोजली. आधी बॉयलर उघडून पत्रा किती उरलाय ते बघायचं. सगळ्या नळ्या नव्या. भट्टीचे दांडे ठोकून बघायचे. तुटका दांडा वेगळा बोलतो. मग पाणी भरून दाबाची परीक्षा. मग चाकं, आस, तो गोळा. पाचही बोटं संपली तेव्हा म्हणाले, “लोखंड व्हईल रं. पैसं टाकलं की लोखंड व्हतं. पर दांडा कसा बोलतो ते ऐकणारा कान कुठून आणशील?”

हे त्यांनी स्वतःच्या बहिऱ्या कानाला हात लावून विचारलं.

तेवढ्यात एक शहरी कुटुंब आलं. मुलं इंजिनाबरोबर फोटो काढू लागली. त्यातल्या एका मुलीनं अण्णांकडं बोट दाखवून मला विचारलं, “हे आजोबा कोण?”

“हे माझे चुलते,” मी म्हणालो. “या इंजिनावर आगवाले होते.” गरजेपेक्षा मोठ्यानंच म्हणालो. मुलीच्या वडिलांनी अण्णांना हात जोडले. अण्णांनीही जोडले. त्यांना काय ऐकू आलं, देव जाणे. येताना गाडीत त्यांनी माझ्या हातात चिक्कीचा पुडा ठेवला. कधी घेतला होता, मला दिसलंही नव्हतं.

त्या इंजिनांतलं ७४० क्रमांकाचं आज इंग्लंडमध्ये लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर आहे. तिथला रूळही दोन फुटी, आणि ती रेल्वे हौशी माणसं बिनपगारी चालवतात. सुट्टीच्या दिवशी येतात, हात काळे करतात, जुन्या जाणत्याकडून फावडं धरायला शिकतात. हे वाचलं तेव्हा मला थोडी असूया वाटली. आपल्याकडं इंजिनं जपली जातात, ते चांगलंच. पण त्यांना जिवंत ठेवणारी माणसं नेरळपासून वरव्यापर्यंत घराघरांत म्हातारी होत होती, आणि त्यांच्यापाशी वही घेऊन कुणी बसलं नाही. मीही उशिरा बसलो. अण्णा म्हणाले, “लिहून काय व्हतंय? फावडं धर.” माझी वही सोळा पानांवर थांबली. पुढच्याच वर्षी अण्णा गेले.

परवा हिवाळ्यात गुऱ्हाळावर गेलो होतो. चुलवाणावर तेव्हाचाच पोरगा होता, आता चाळिशीचा बाप्या. त्याचा मुलगा चिपाडांचा मोठा भारा एकदम आत ढकलायला निघाला, तशी बापानं त्याचा हात धरला.

“पातळ पसर,” तो म्हणाला. “कोपरं भर.”