घड्याळ, लेखणी आणि मांजर

सकाळीं साडेनऊच्या ठोक्याला घराबाहेर पडावयाचें, हा माझा सव्वीस वर्षांचा नेम. अलीकडे मात्र तो मोडला आहे. आमच्या घरीं मनी नांवाची एक भाटी आणि तिचीं दोन पिलें आहेत. आणि मी कॉलेजांत जाण्याची तयारी करूं लागलों, कीं नेमक्या त्याच घटकेस या मंडळींच्या अंगांत वारें शिरतें. सदऱ्याच्या एका बाहींत हात घालावा, तों दुसरींतून एक पिलूं डोकावतें. बुटाची नाडी बांधावी, तों तिचें टोक दुसऱ्याच्या पंजांत असतें. आणि मनी स्वतः, या धुमाकुळाशीं आपला कांहींएक संबंध नाहीं अशा मुद्रेनें, इस्त्रीच्या कोटावर बसून अंग चाटीत असते.

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं या खेळाची कमाल झाली. युरोपच्या मध्ययुगावरील व्याख्यानाचीं टिपणें मीं रात्रीं जागून लिहिलीं होतीं. तीं टेबलावर पडलेलीं असतां एक पिलूं न्हाणींतून आलें आणि ओल्या पायांनीं सरळ त्यांच्यावरून चालत गेलें. शाई फुटली आणि चार पानांवर निळे ठसे उमटले. मीं हात उगारला. येत्या रविवारीं तिघांनाही पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येईन, असेंही जाहीर करून टाकलें. पत्नी शांतपणें म्हणाली, “अहो, सोडायचं तर सोडा, पण पुस्तकांच्या कपाटांत उंदीर झाले, तेव्हां मांजर आणा म्हणून तुम्हीच माझ्या पाठीस लागलां होतां.” या उत्तरानें माझा राग गेला नाहीं, पण इतिहासाच्या अध्यापकास बेचैन करील असा एक प्रश्न मात्र मनांत राहिला: मनुष्याच्या कामाशीं मांजराचा संबंध मुळांत आला कसा?

आपल्या परंपरेला विचारलें, तर उत्तर फारसें अनुकूल मिळत नाहीं. मनुस्मृतींत ढोंग्याला ‘बैडालव्रतिक’ म्हटलें आहे. महाबलिपुरम् येथील सातव्या शतकांतील प्रचंड शिल्पपटांत पुढचे पाय वर करून तप करणारें मांजर आणि त्याच्याभोंवतीं जमलेले भाबडे उंदीर कोरलेले आहेत. कामाला निघालेल्या माणसाला तें आडवें गेलें, कीं काम बिघडलेंच! अशा रीतीनें आळस, ढोंग आणि व्यत्यय असे तीन आरोप त्याच्यावर ठेवलेले आहेत. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्यानें केवळ आरोपपत्र वाचून थांबूं नये. जमाखर्चाच्या वह्याही पाहाव्या.

ही ओळख जडली ती धान्यामुळें. पश्चिम आशियांत मनुष्य शेती करून धान्य सांठवूं लागला, त्या सांठ्यावर उंदीर आले आणि उंदरांमागून रानमांजर आलें. सायप्रस बेटावर सुमारें साडेनऊ हजार वर्षांपूर्वींचें एक दफन सांपडलें असून त्याचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मनुष्याच्या शेजारींच एक मांजर पुरलेलें आहे. त्या बेटावर मांजर मूळचें नव्हतें. अर्थात् तें कोणी तरी नावेंत घालून नेलें असलें पाहिजे. बैलाला आपण जू लावलें, घोड्याला लगाम घातला. मांजर मात्र आपल्या श्रमाचें फळ जेथें सांठलें, तेथें आपल्या पायांनीं आलें.

पुढें त्याला किंमत आली आणि पगारही मिळाला. वेल्समध्यें दहाव्या शतकांतील राजा हवेल दा याच्या नांवानें चालत आलेल्या कायद्यांत मांजराचे भाव दिले आहेत: पिलाचे डोळे उघडेपर्यंत एक पेनी, उंदीर मारूं लागेपर्यंत दोन आणि त्यानंतर चार. इंग्लंडांतील एक्झेटरच्या कॅथीड्रलच्या चौदाव्या-पंधराव्या शतकांतील हिशेबांत मांजराच्या पोटासाठीं आठवड्याला एक पेनी खर्ची पडली आहे. तेथील जुन्या घड्याळाच्या यंत्राला चरबीचें वंगण असे आणि त्या वासानें उंदीर येत. म्हणून त्या घड्याळाच्या खोलीच्या दारालाच मांजरासाठीं एक भोंक ठेवलेलें आहे. माझे सकाळचे ठोके चुकविणाऱ्या या जातीनें एका गांवाच्या घड्याळाची राखण केली, हें वाचून मी थोडा वरमलों.

लेखणीशीं त्याचें नातें याहूनही जवळचें. नवव्या शतकांतील एका आयरिश भिक्षूनें आपल्या वहींत ‘पांगुर बान’ नांवाच्या पांढऱ्या मांजरावर कविता लिहून ठेवली आहे. मांजर उंदरामागें आणि आपण अर्थामागें, दोघेही एका खोलींत आपापल्या शिकारींत गढलेले, असा तिचा आशय. सर्वांचाच अनुभव मात्र इतका गोड नव्हता. डेव्हेंटर येथील एका लेखकाच्या पोथीवर सुमारें १४२० सालीं एका मांजरानें रात्रीं मूत्रविसर्जन केलें. त्यानें उरलेलें पान कोरें सोडलें, मांजराचें चित्र काढलें, त्याला शाप दिला आणि रात्रीं पोथी उघडी ठेवूं नका, अशी इतरांना ताकीदही दिली! आणि दुब्रोव्हनिकच्या दफ्तरखान्यांत १४४५ च्या सुमाराचीं राज्यकारभाराचीं पत्रें आहेत. त्यांतील एका पानावर मांजराच्या पंजांचे शाईचे ठसे स्पष्ट उमटले आहेत. २०११ मध्यें ते एका संशोधकाच्या दृष्टीस पडले. त्या कारकुनालाही त्या दिवशीं घाई असेल, रागही आला असेल. परंतु तें पान दफ्तरांत राहिलें.

कचेऱ्यांनींही पुढें हा करार लेखी पाळला. १८६८ सालीं लंडनच्या पोस्टाच्या मनिऑर्डर कचेरींत उंदीर कागद कुरतडूं लागले, म्हणून तीन मांजरें नेमण्यांत आलीं. त्यांच्या खर्चासाठीं आठवड्याला दोन शिलिंग मागितले असतां वरिष्ठांनीं एकच मंजूर केला. उरलेलें पोट उंदरांवर भरावें, हा त्यांतील हेतु. सहा महिन्यांत उंदीर कमी न झाल्यास भत्ता कापला जाईल, अशी तंबीही होती. आमच्या पगाराच्या प्रश्नावरील सरकारी पत्रांची भाषा मला येथें ओळखीची वाटली!

तेव्हां मांजर आपल्या कामाच्या आड येतें असें नव्हे. जेथें आपलें काम सांठतें, मग तें धान्य असो, पोथी असो कीं मनिऑर्डर असो, तेथेंच त्याचें काम असतें. सकाळच्या घाईंत आपल्याला दिसते ती त्याची सुट्टीची वेळ. रात्रपाळी त्यानें केलेली असते, आपण झोंपलेले असतों, इतकेंच.

त्या दिवशीं मी वर्गावर सात मिनिटें उशिरा गेलों आणि त्याच डागाळलेल्या कागदांवरून मध्ययुग शिकविलें. विद्यार्थ्यांनीं ठसे पाहिले, हंसले. मग मीं त्यांना दुब्रोव्हनिकची हकीकत सांगितली. त्या व्याख्यानांतलें दुसरें कांहीं त्यांच्या लक्षांत राहिलें असेल, अशी माझी खात्री नाहीं. रविवार आला आणि गेला. पोतें माळ्यावर घडी करून ठेवलेलें आहे. हल्लीं मी सकाळीं पंधरा मिनिटें लौकर उठतों आणि टिपणें कपाटांत बंद करून मग आंघोळीस जातों. तीं चार पानें मात्र मीं पुन्हां लिहून काढलेलीं नाहींत.