चिनी वंशाचे ब्रिटिश : नोंदींतले आणि नोंदीबाहेरचे

१९४२ सालच्या मे महिन्याची ९ तारीख. युद्ध ऐन भरांत होतें, आणि तरीहि त्या दिवशीं वेल्समधील कार्डिफ शहरीं इंग्लंड विरुद्ध वेल्स असा फुटबॉलचा सामना झाला. इंग्लंडच्या अकरा खेळाडूंत फ्रँक सू नांवाचा एक हाफबॅक होता. त्याचे वडील चिनी, आई इंग्लिश. जन्म डर्बीशायर परगण्यांतील बक्स्टन गांवचा, १९१४ चा. इंग्लंडच्या संघांतून खेळलेला चिनी वंशाचा हा पहिला खेळाडू. १९४५ पर्यंत तो असे नऊ सामने खेळला. परंतु इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या अधिकृत यादींत आपण त्याचें नांव शोधूं लागलों, तर तें सांपडत नाहीं. युद्धकाळांतले सामने अधिकृत धरावयाचे नाहींत, असा संघटनेचा नियम आहे. नियम सर्वांना सारखाच आहे, हें खरें. प्रसिद्ध खेळाडू स्टॅन्ले मॅथ्यूज याचेहि त्या काळांतले सामने वगळले गेले. पण मॅथ्यूजच्या पदरीं युद्धापूर्वींचे आणि युद्धानंतरचे पुष्कळ सामने होते. सूच्या पदरीं हेच नऊ.

आजच्या भाषणाचा विषय चिनी वंशाचे नामवंत ब्रिटिश नागरिक हा आहे. असा विषय निघाला म्हणजे नांवांची माळ ओंवण्याचा मोह होतो. मला ती माळ ओंवावयाची नाहीं. माणूस एखाद्या देशांत जन्मतो, तेथें राबतो, वेळ आली म्हणजे त्या देशासाठीं जीव धोक्यांत घालतो. एवढ्यानें तो त्या देशाचा होतो काय? कीं कोणी तरी त्याला दप्तरांत तसें लिहून घ्यावें लागतें? ब्रिटनमधील चिनी वंशाच्या माणसांचा सुमारें सव्वादोनशें वर्षांचा इतिहास मला तरी या एका प्रश्नाभोंवतीं फिरतांना दिसतो.

इंग्लंडांत आलेल्या ज्या चिनी माणसांचीं नांवें आपणांस निश्चितपणें ठाऊक आहेत, त्यांत शेन फू-त्सुंग हा अगदीं आरंभींचा. १६८७ सालीं तो दुसऱ्या जेम्स राजाच्या दरबारीं गेला. राजाच्या आज्ञेनें नेलर या चित्रकारानें त्याचें चित्र काढलें, आणि ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतल्या चिनी पुस्तकांची यादी करावयास त्यानें हातभार लावला. पण तो पाहुणा होता. पाहुण्याचें कौतुक करणें कोणत्याहि समाजास सोपें जातें.

राहावयास आलेल्या माणसाची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनच्या पूर्वेकडील शॅडवेल भागांत जॉन अँटनी नांवाचा एक चिनी गृहस्थ राहत असे. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून येणाऱ्या चिनी आणि हिंदी खलाशांची, परतीचें जहाज मिळेपर्यंत, राहण्याजेवणाची व्यवस्था तो कंपनीच्या वतीनें पाही. या हिंदी खलाशांना तेथें ‘लास्कर’ म्हणत. मुंबईकडील जहाजांवरून कोंकणपट्टींतलीं माणसेंहि लास्कर म्हणून पुढें पुष्कळ गेलीं. अँटनीनें पैसा मिळविला, ख्रिस्ती धर्म घेतला, इंग्लिश स्त्रीशीं लग्न केलें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो परकाच होता, आणि परक्याला जमिनीची मालकी मिळत नसे. शेवटीं १८०५ सालीं त्याच्या एकट्यासाठीं पार्लमेंटनें स्वतंत्र कायदा करून त्याला ब्रिटिश ठरविलें. त्या काळीं नागरिकत्वाचा राजमार्गच तो होता. मात्र त्या मार्गावरचा जकातीचा नाका इतका भारी होता, कीं पैसेवाल्यालाच तो ओलांडतां येई. ज्या शेंकडों खलाशांच्या जेवणाखाणावर अँटनीची संपत्ति उभी राहिली, त्यांच्यासाठीं पार्लमेंट बसण्याचें कारणच नव्हतें. गंमत अशी, कीं एवढ्या खटाटोपानें मिळविलेलें नागरिकत्व त्याला जेमतेम कांहीं महिनेच लाभलें. त्याच वर्षीं तो वारला.

एडिंबरोच्या विल्यम मकाऊची हकीकत याहून चमत्कारिक आहे. हा अबकारी खात्यांत दीर्घकाळ नोकरी करणारा, स्कॉटलंडांतच संसार थाटलेला चिनी गृहस्थ. बँक ऑफ स्कॉटलंड स्थापन करणाऱ्या १६९५ सालच्या कायद्यांत असें एक कलम होतें, कीं या बँकेचा भाग घेणारा परदेशी मनुष्य स्कॉटिश नागरिक समजावा. मकाऊनें तें कलम हुडकून काढलें, भाग घेतला, आणि १८१८ च्या सुमारास न्यायालयांत दावा केला. प्रथम निकाल त्याच्या बाजूनें लागला. अपिलांत तो फिरला. शेअर घेऊन देश मिळविण्याची युक्ति आपल्या दलाल स्ट्रीटवरच्या मंडळींनाहि सुचली नसती. पण ज्या माणसाला ती लढवावी लागली, त्याच्या मनाची तगमग हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

हे दोघे एकेकटे आले. चिनी वस्ती म्हणतां येईल अशी वस्ती झाली ती आगबोटींमुळें. १८६६ पासून अल्फ्रेड होल्ट यांच्या, पुढें ‘ब्लू फनेल’ म्हणून गाजलेल्या कंपनीच्या आगबोटी लिव्हरपूलहून थेट चीनकडे जाऊं लागल्या. भट्टीशीं कोळसा ओढणारे खलाशी चिनी असत, कारण त्यांना पगार कमी द्यावा लागे. कांहीं जण लिव्हरपूलला उतरून राहिले. कोणी खलाशांच्या खाणावळी काढल्या, कोणी धुलाईचीं दुकानें. लग्नें तेथल्याच इंग्लिश व आयरिश मुलींशीं झालीं. येथें कायद्यानें एक विलक्षण गोष्ट करून ठेवली होती. परदेशी पुरुषाशीं लग्न करणाऱ्या ब्रिटिश स्त्रीचें नागरिकत्व जात असे. ज्या गल्लींत ती लहानाची मोठी झाली, त्याच गल्लींत ती परकी ठरे. नवरा परका, बायको परकी, आणि त्यांचें मूल मात्र ब्रिटिश भूमीवर जन्मल्यामुळें जन्मतःच ब्रिटिश! १९४८ च्या कायद्यानें हा प्रकार बंद झाला.

फ्रँक सू अशाच एका घरांत वाढला. लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी भागांत त्याच्या वडिलांचें धुलाईचें दुकान होतें. १९३३ च्या जानेवारींत स्टोक सिटी क्लबनें चारशें पौंड देऊन त्याला घेतलें, आणि त्याच वर्षीं तो लीगमध्यें पहिला सामना खेळला. चेंडू अचूक पोंचविण्यांत त्याचा हातखंडा होता; पुढें कांहीं काळ तो स्टोकचा कर्णधारहि झाला. युद्धांत तो विमानदलांत दाखल झाला. त्याचा एक भाऊ विमानदलांत असतांना युद्धांत कामास आला. युद्धानंतर त्यानें शिक्षक म्हणून इटली व स्वीडनची वाट धरली, आणि १९५५ सालीं स्टॉकहोमच्या यूरगार्डन क्लबला स्वीडनचें अजिंक्यपद मिळवून दिलें. इंग्लंडमध्यें त्याच्या वांट्याला आलें तें स्कनथॉर्प या लहानशा क्लबाचें व्यवस्थापकपद, आणि तेंहि जेमतेम एक वर्ष. १९९१ सालीं तो वारला.

त्याच पिढींतला दुसरा मनुष्य लेखक होता. ‘सेंट’ या टोपणनांवानें वावरणारा सायमन टेंप्लर हा साहसी नायक कांदंबरीवाचकांना १९२८ पासून परिचित आहे. त्याचा जनक लेस्ली चार्टरिस हा सिंगापूरला १९०७ सालीं जन्मला. वडील चिनी डॉक्टर, आई इंग्लिश. शिक्षण केंब्रिजचें, वडिलांचें यिन हें आडनांव त्यानें तरुणपणींच टाकलें. पण रक्त टाकतां येत नाहीं. अमेरिकेंत स्थायिक व्हावयाचें मनांत येतांच तेथला चिनी-प्रतिबंधक कायदा आडवा आला; निम्मे वा अधिक रक्त चिनी असलेल्यास कायमचा प्रवेश नाहीं! अखेर अमेरिकन काँग्रेसला त्याच्यासाठीं खास कायदा करावा लागला. जॉन अँटनीनंतर शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं, समुद्र दुसरा होता, पण युक्ति तीच : नियम बदलावयाचा नाहीं, एका गुणी माणसापुरता अपवाद करावयाचा.

युद्धोत्तर काळांत मात्र दारें बरींच उघडलीं. हाँगकाँग व मलायाकडून नवी पिढी आली. लेडी लिडिया डन १९९० सालीं, आणि लिव्हरपूलचे बालरोगतज्ज्ञ मायकेल चॅन २००१ सालीं उमरावांच्या सभेंत गेलीं. ॲना लो या २००७ सालीं उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळांत निवडून आल्या. कॉमन्स सभेंत चिनी वंशाचा पहिला सभासद, ॲलन मॅक, आला तो २०१५ सालीं. या सर्वांहून मला सर चार्ल्स काओ यांचें नांव मोठें वाटतें. शांघायला जन्मलेले हे गृहस्थ लंडनमधील वुलिचला विद्युत्-अभियांत्रिकी शिकले, आणि हार्लो येथील प्रयोगशाळेंत काम करतांना १९६६ सालीं त्यांनीं जॉर्ज हॉकम यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. कांचेच्या तंतूंतून प्रकाशानें संदेश नेतां येईल. आज तो वाटेंत विझतो त्यास कांच जबाबदार नसून कांचेंतला मळ जबाबदार आहे, असें त्यांनीं मांडलें. चार वर्षांत अमेरिकेंत तशी निर्मळ कांच तयार झाली. आज समुद्राच्या तळाखालून खंडोखंडीं जाणारा संदेशव्यवहार त्याच तंतूंवरून चालतो. २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां काओ यांना स्मृतिभ्रंशानें घेरलें होतें. त्यांचें व्याख्यान त्यांच्या पत्नीनें, ग्वेन काओ यांनीं, वाचून दाखविलें. त्याहि अभियंत्या, आणि ब्रिटनमध्यें जन्मलेल्या चिनी वंशाच्या.

इतकीं उजळ नांवें घेतल्यावर पुन्हां लिव्हरपूलच्या धक्क्यावर यावयाचें, तें मी मुद्दाम करीत आहें. कारण ज्या वर्षीं फ्रँक सू इंग्लंडसाठीं शेवटचा सामना खेळला, त्याच वर्षीं त्याच्या गांवांत दुसरी एक गोष्ट घडली.

युद्धकाळांत सुमारें वीस हजार चिनी खलाशी लिव्हरपूलच्या आधारानें ब्रिटिश व्यापारी जहाजांवर राबत होते. अन्न आणि तेल याच जहाजांतून येई, आणि जर्मन पाणबुड्या त्यांच्याच मागावर असत. पून लिम नांवाचा हैनान बेटाचा एक खलाशी जहाज बुडाल्यावर तराफ्यावर एकटा १३३ दिवस तग धरून राहिला. राजानें त्याला पदक दिलें. पदक पावणाऱ्याच्या बांधवांना पगार मात्र गोऱ्या खलाशांच्या निम्म्याहूनहि कमी होता, आणि युद्धाच्या धोक्याबद्दलचा भत्ताहि नाकारलेला. १९४२ सालीं त्यांनीं संप केला. तेव्हां कांहीं वाढ मिळाली. मालकांनीं व अधिकाऱ्यांनीं ही गोष्ट मनांत धरली.

१९४५ च्या ऑक्टोबरची १९ तारीख. लंडनमध्यें गृहखात्याच्या कचेरींत बैठक भरली. तिच्यांतून जी फाइल उघडली, तिच्यावर नांव पडलें : नकोशा चिनी खलाशांची सक्तीची पाठवणी. पुढच्या कांहीं महिन्यांत पोलिसांनीं खाणावळींवर व घरांवर धाडी घातल्या आणि माणसें धक्क्यावरच्या बोटींत नेऊन बसविलीं. हजारांहून अधिक माणसें अशीं गेलीं. कांहीं अभ्यासक दोन हजारांचा अंदाज देतात. त्यांतल्या सुमारें तीनशें जणांचे संसार लिव्हरपूलच्या स्त्रियांशीं होते. ब्रिटिश स्त्रीच्या पतीला येथें राहण्याची परवानगी मागतां आली असती, पण ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नाहीं. बायकांनाहि कळविलें नाहीं. नवरा सकाळीं बाहेर पडला तो परतला नाहीं, एवढेंच त्यांना ठाऊक. कित्येकींनीं समजून घेतलें कीं तो आपल्याला टाकून गेला, आणि मुलांनाहि तसेंच सांगितलें.

मुलें तशींच वाढलीं. कोणाला सावत्र बापाचें नांव लागलें, कोणी दत्तक गेलीं. सरकारी दप्तरें उघडल्यावर, पन्नाशी-साठी उलटतांना, त्यांना कळलें कीं आपले वडील टाकून गेले नव्हते. त्यांना उचलून नेलें होतें. २००६ सालीं लिव्हरपूलच्या पिअर हेड या धक्क्यावर त्या खलाशांच्या नांवें एक पाटी बसविण्यांत आली. २०२१ सालीं पार्लमेंटांत प्रश्न निघाला. २०२२ सालीं गृहखात्यानें अहवाल काढून कबूल केलें, कीं त्या वेळीं सक्ती झाली होती आणि तिच्यांत वंशभेदाचा वास होता. तोंवर सर्वांत लहान मूल पंचाहत्तरीला आलें होतें, आणि ज्यांना तें ऐकवावयास हवें होतें त्या आयांपैकीं बहुतेक हयात नव्हत्या.