गेय्य, गाथा आणि वामनदादांची नाममुद्रा

पाली परंपरेने बुद्धवचनाची नऊ अंगे सांगितली आहेत. त्यांपैकी ‘गेय्य’ आणि ‘गाथा’ ही पद्याशी निगडित होत. सिंहलद्वीपात इसवी सनपूर्व पहिल्या शतकात त्रिपिटक ग्रंथारूढ होईपर्यंत धम्म जपला गेला तो लेखणीने नव्हे, कंठाने. ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे लोककवी वामनदादा कर्डक यांच्या कार्याचे मोल स्पष्ट होते.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील देशवंडी (ता. सिन्नर) येथे जन्मलेल्या वामनदादांना बालपणी शाळा लाभली नाही. मुंबईत मोलमजुरी करीत असता तरुणपणी त्यांनी अक्षरओळख करून घेतली आणि १९४३ साली, एका हिंदी गीताच्या चालीवर, पहिले गीत रचले. त्यांच्या गीतांमागे तीन प्रवाह दिसतात : गावाकडील तमाशा; सत्यशोधक जलशातून पुढे आलेला, भीमराव कर्डकांसारख्यांनी रुजविलेला आंबेडकरी जलसा; आणि कव्वाली व चित्रपटसंगीताच्या लोकप्रिय चाली. या तिन्हींना आशय मिळाला तो बाबासाहेबांच्या विचारांतून. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर या गीतांत बुद्धही आले. कोणा संस्थेच्या आश्रयावर विसंबून न राहता वामनदादा गावोगावी, वस्त्यावस्त्यांतून गात फिरले.

येथे एक आक्षेप संभवतो. चुल्लवग्गात भगवंतांनी दीर्घ आलापांनी धम्म गाण्याचे पाच दोष भिक्षूंना सांगितले आहेत. गाणारा स्वतःच्याच स्वरावर लुब्ध होतो, हा त्यांतील पहिला. मग उसन्या चालीवरील गीतांतून धम्म सांगावा काय? आमच्या मते उत्तर तेथेच आहे. त्याच प्रकरणात सस्वर पठणास, म्हणजे सरभञ्ञास, अनुज्ञा आहे. आणि दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात वीणेचा स्वर व गीताचा स्वर यांचा मेळ साधणाऱ्या पञ्चसिखाची भगवंत प्रशंसा करतात. निषेध गीताचा नाही, अर्थास झाकून टाकणाऱ्या स्वराचा आहे. वामनदादांनी चाल उसनी घेतली, अर्थ नाही. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही तो अर्थ एका रात्रीत पाठ होई.

१५ मे २००४ रोजी ते निवर्तले. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ आदी संग्रह निघाले. तरी मुखोद्गत गीतांचा साठा त्याहून विपुल आहे. वामनदादा आपल्या गीताच्या अखेरीस ‘वामन’ हे नाव गुंफीत असत. मौखिक परंपरेत हीच कवीची नोंद. गायकाने शेवटचे कडवे गाळले की गीत उरते, कवी मात्र पुसला जातो. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने गाळली, त्या समाजाने तरी असे करू नये.

संगीतिकारांनी थेरगाथेतील गाथा जपल्या, तशी थेरांची नावेही जपली. आमची वाचकांना विनंती एवढीच : वडीलधाऱ्यांच्या मुखी असलेली ही गीते लिहून घ्यावीत, आणि शेवटच्या कडव्यासह लिहून घ्यावीत.